पहिल्यासारखं नाही

"छान झालाय गं. पण पहिल्यासारखं नाही."

फोनवर मी हे म्हणाले तेव्हा पलीकडे माझी मैत्रीण होती. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते आणि स्वतःच गाते. तिचा दुसरा अल्बम त्याच दिवशी पहाटे आला होता आणि दुपारपर्यंत मी तो सगळा ऐकून काढला होता. 'ऐकून काढला' असंच म्हणायला हवं, कारण पेपर तपासून काढतात तसंच ते झालं होतं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो गं, पहिल्यासारखं नाहीच आहे ते." आवाजात राग नव्हता. माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. मी खोटं बोलले नव्हते, वाटलं तेच सांगितलं होतं. पण तिनं विचारलं होतं नव्या अल्बमबद्दल आणि मी उत्तर दिलं होतं जुन्याबद्दल. हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

तिचा पहिला अल्बम नऊ वर्षांत झाला. स्टुडिओतलं काम तीन आठवड्यांचंच होतं, पण त्यातलं सगळ्यात जुनं गाणं तिनं एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं होतं. आम्ही दोघी तेव्हा गिटार शिकत होतो. मी सोडून दिलं, तिनं नाही. बहुतेक गाणी मी कच्ची असतानाच ऐकली होती. एका गाण्याला दोन वर्षं दुसरं कडवंच नव्हतं. त्या जागी ती नुसतं गुणगुणायची, आणि ते गुणगुणणं हाच त्या गाण्याचा भाग आहे असं मला वाटायला लागलं होतं. अल्बम आला तेव्हा तिथे शब्द होते. मला ते उपरे वाटले. पाहुण्यासारखे आले आणि आता बसलेत, असे. महिन्याभरात ते रुळले आणि आज त्या शब्दांवाचून ते गाणं मला आठवतही नाही. म्हणजे पहिल्या अल्बमशीसुद्धा माझं पहिल्या दिवशी जमलेलं नव्हतं. हे साफ विसरून मी दुसऱ्याला त्याच्या शेजारी उभं केलं होतं.

साधा हिशेब मांडून पाहिला तरी अन्याय दिसतो. पहिला अल्बम मी दोनशे वेळा तरी ऐकला असेल. दुसरा ऐकला होता एकदा. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. लोकांना त्यांनी निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतल्यासारखी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही एकदाच, काही दोनदा, काही पाच वेळा, काही थेट 25 वेळा. मग विचारलं, यातलं चांगलं काय वाटतं? जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं होतं त्याकडेच लोकांचा कल झुकला. त्या चिन्हांमध्ये काही अर्थ नव्हता, सौंदर्य नव्हतं, फक्त ओळख होती. गाण्यात तर अर्थ असतो, आठवणी असतात, त्या वर्षी आपण कुणाच्या प्रेमात होतो तेही असतं. नव्या गाण्याला पहिल्याच दुपारी या सगळ्याशी टक्कर द्यायला लावायची आणि ते कमी पडलं म्हणायचं, ही मोजणीच चुकीची आहे.

दुसऱ्या अल्बमबद्दल संगीताच्या धंद्यात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या फिरतं आहे: पहिल्यासाठी तुमच्याकडे आख्खं आयुष्य असतं, दुसऱ्यासाठी सहा महिने. इंग्रजीत या घसरणीला 'सोफोमोर स्लंप' असं नावच आहे. सोफोमोर म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी. वाक्यात तथ्य आहे. पहिल्या अल्बमची गाणी वर्षानुवर्षं लोकांसमोर गाऊन घासूनपुसून निघालेली असतात. कुठल्या ओळीला माणसं मान वर करतात, कुठे चुळबुळ सुरू होते, हे गाणाऱ्याला पाठ असतं. न चाललेली गाणी केव्हाच गळून गेलेली असतात. दुसऱ्या वेळी ही चाळणी लावायला सवडच मिळत नाही. दौरे चालू असतात, रेकॉर्ड कंपनीची तारीख ठरलेली असते, आणि लिहिणाऱ्याचं जगणं म्हणजे हॉटेलच्या खोल्या आणि विमानतळ. मग गाणीही हॉटेलच्या खोल्यांबद्दल यायला लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता आपल्यातला राहिला नाही.

पण हे वाक्य मला पूर्णपणे पटत नाही. एक तर त्यात निवडीचा घोळ आहे. ज्यांचा पहिला अल्बम गाजला त्यांच्याच दुसऱ्याकडे आपण डोळे लावून बसतो. फार उंच बापांची मुलं सरासरीनं बापापेक्षा थोडी बुटकी निघतात, हे फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं 1886 मध्येच आकडे मांडून दाखवलं होतं. त्यात मुलांचा काही दोष नसतो. बापाच्या उंचीत योगायोगाचा जो वाटा असतो तो पुढच्या वेळी तसाच जुळून येत नाही, एवढंच. गाजलेल्या पहिल्या अल्बमचंही तसंच. ज्यांचा पहिला अल्बम कुणी ऐकलाच नाही, त्यांच्या दुसऱ्याची घसरण कोण मोजणार? बॉब डिलनचा 1962 मधला पहिला अल्बम इतका कमी खपला की त्याला करारबद्ध करणाऱ्या जॉन हॅमंड यांच्या नावानं कंपनीत त्याला 'हॅमंडचा वेडेपणा' म्हणायला लागले होते. त्यातल्या 13 गाण्यांपैकी त्याची स्वतःची होती दोन. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या अल्बमात 13 पैकी 11 गाणी त्याच्या नावावर होती. गीतकार म्हणून तो जगाला भेटला तो दुसऱ्यातच.

आणि दुसरं म्हणजे अमेरिकन गायिका-गीतकार सुझान व्हेगाचा 'सॉलिट्यूड स्टँडिंग'. हा अल्बम मला फार जवळचा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

तिचा पहिला अल्बम 1985 मध्ये आला, हा दुसरा 1987 मध्ये. म्हणजे वरच्या वाक्याप्रमाणे ही गाणी घाईत लिहिलेली असायला हवीत. पण यातली दोन गाणी तिनं 1978 मध्ये, पहिल्या अल्बमच्या सात वर्षं आधी लिहिलेली आहेत. त्यातलं 'जिप्सी' हे प्रेमगीत ती अठरा वर्षांची असताना, मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम करत होती तेव्हाचं. दुसरं 'कॅलिप्सो'. होमरच्या महाकाव्यातली ती अप्सरा ज्याच्यावर जीव जडला त्या खलाशाला समुद्रावर सोडून देते, आणि गाणं तिच्या बाजूनं बोलतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं लिहिलेलं निरोपाचं गाणं ती अठ्ठाविशीत गाते आहे. त्या आवाजात जो थंडपणा आहे तो लिहिताना तिच्याकडे असेल असं मला वाटत नाही. काही गाणी लिहून झाली तरी गायला तयार नसतात. ती दुसऱ्या अल्बमची वाट पाहत थांबतात.

अल्बमचं पहिलंच गाणं 'टॉम्स डायनर'. त्यात एकही वाद्य नाही. नुसता आवाज. एक बाई सकाळी खानावळीत कॉफी घेऊन बसली आहे. वर्तमानपत्र चाळते, खिडकीबाहेर कुणी काचेत स्वतःला बघून कपडे नीट करतं ते पाहते, घंटा ऐकते, कुणाची तरी आठवण येते, गाडीची वेळ होते, उठते. सव्वादोन मिनिटांच्या आत संपतं. शेवटी शब्द संपल्यावर ती नुसतेच स्वर गात राहते. गिटारवाली गायिका म्हणून जिला लोक ओळखायला लागले होते, तिनं दुसऱ्या अल्बमची सुरुवात गिटार खाली ठेवून केली. मला हे धाडस अजूनही थरारून टाकतं.

आता या एका गाण्याला काय काय प्रतिसाद मिळाला ते बघा. 1990 मध्ये ब्रिटनमधल्या दोन तरुण निर्मात्यांनी 'डीएनए' या नावानं, कुणाचीही परवानगी न घेता, त्या उघड्या आवाजाखाली नाचायचा ठेका जोडला. शेवटचे ते बिनशब्दांचे स्वर उचलून त्यांनी ध्रुवपद केलं. तिची रेकॉर्ड कंपनी कोर्टात जाऊ शकली असती. त्याऐवजी तो नवा अवतार विकत घेऊन रीतसर प्रसिद्ध केला गेला, आणि तो ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या, अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. ठेका नसलेलं गाणं जगभर लोकांनी नाचून ऐकलं. त्या दोघांनी मूळ गाण्यात काय ऐकलं होतं याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांना बहुधा तिच्या बोलण्यात लपलेला ठोका ऐकू आला असावा. तो आहेच. शब्द इतके नेमके पडतात की पाय आपोआप हलतो. आपल्याला फक्त एकाकी बाई दिसत होती, त्यांना तिची चाल ऐकू आली.

दुसरा ऐकणारा याहून चिकट. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे अभियंते आवाजाची फाइल लहान करण्याच्या खटपटीत होते. कानाला जे ऐकू येणारच नाही ते काढून टाकायचं आणि उरलेलं ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. पण काय ऐकू येत नाही हे ठरवायचं कसं? वाद्यांच्या गर्दीत चुका दडून जातात. 'टॉम्स डायनर'मध्ये दडायला जागाच नव्हती. सुरुवातीच्या प्रयोगांत तो ऊबदार आवाज पार विद्रूप होऊन बाहेर यायचा. ब्रांडेनबुर्गनी ते गाणं पुन्हा पुन्हा, अक्षरशः शेकडो वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी दुरुस्त केलं. त्या खटपटीतून जे निघालं त्याला पुढे आपण एमपीथ्री म्हणायला लागलो. माझ्या मैत्रिणीचा अल्बम त्या पहाटे माझ्या फोनवर आला तो याच कुळातल्या तंत्रानं. एका माणसानं दुसऱ्या अल्बमातलं एक गाणं कंटाळा न करता ऐकलं म्हणून. आणि मी मात्र एकदा ऐकून निकाल दिला होता.

त्याच अल्बमात 'लुका' आहे. घरात मार खाणारा एक मुलगा शेजाऱ्याला सांगतो आहे की रात्री काही आवाज ऐकू आले तर विचारू नका. नाव व्हेगानं तिच्या पाहण्यातल्या एका मुलाचं घेतलं होतं, त्या मुलाच्या घरी असलं काही नव्हतं. गाण्याची चाल उजळ आहे, जवळजवळ आनंदी. अमेरिकेत ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यानंतर तिला पत्रं यायला लागली. लहानपणी मार खाल्लेल्या माणसांची. ती माणसं तिच्या पहिल्या अल्बमशी तुलना करत बसली नव्हती. त्यांनी गाणं ऐकलं आणि आपलं स्वतःचं काही सांगायला पत्र लिहायला बसली.

प्रतिसाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टाळ्या, खप, पुरस्कार येतात. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो प्रतिसाद मात्र एका गायिकेनं एका गायकाला दिलेला आहे, आणि दोघांचेही ते दुसरेच अल्बम. जेम्स टेलरचा दुसरा अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला. त्यातल्या 'फायर अँड रेन'मध्ये एक ओळ आहे: एकटेपणाच्या दिवसांत एकही मित्र सापडला नाही, अशा अर्थाची. त्या अल्बमवर पियानो वाजवला होता कॅरोल किंगनं. बरोबर एका वर्षानं, फेब्रुवारी 1971 मध्ये तिचा स्वतःचा दुसरा अल्बम आला, 'टॅपेस्ट्री'. त्यात तिचं एक गाणं आहे, मित्र आहे तुला, हाक मार, मी येईन, असं सांगणारं. ते त्या ओळीचं उत्तर होतं, असं टेलरनं स्वतःच सांगितलेलं आहे. आणि त्यानं काय करावं? तेच गाणं त्यानं आपल्या आवाजात गायलं, आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पियानोपाशी बसलेल्या बाईनं गाणाऱ्याची एक ओळ ऐकली, ती घरी नेली आणि उत्तर घेऊन आली. ऐकणं म्हणतात ते हे.

'टॅपेस्ट्री'बद्दल आणखी एक सांगायला हवं. तो अमेरिकेत सलग 15 आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तिचा 1970 मधला पहिला एकल अल्बम फारसा कुणी ऐकला नव्हता. म्हणजे लाखो लोकांच्या मनात शेजारी उभं करायला काही नव्हतंच. तिचं नाव होतं ते इतरांसाठी लिहिलेल्या गाण्यांमुळे. त्यातलंच एक, दहा वर्षांपूर्वी तरुण मुलींच्या एका गायनवृंदानं गाऊन गाजवलेलं, तिनं या अल्बमात स्वतः गायलं, संथ करून. उद्याही माझ्यावर प्रेम असेल ना, असं विचारणारं. अठरा वर्षांची असताना तिनं त्याला चाल लावली होती, तेव्हा त्यात धाकधूक होती. या वेळी विचारणाऱ्या बाईला उत्तर काय असू शकतं ते ठाऊक आहे. शब्द तेच.

सगळ्यांचं असं होत नाही. इंग्लिश गायक निक ड्रेकनं आपल्या दुसऱ्या अल्बमात ढोल, बास, ब्रास सगळं आणलं. पहिला अल्बम दुर्लक्षिला गेला होता, म्हणून या वेळी दार जरा मोठं उघडून ठेवलं, असं तो ऐकताना वाटतं. 1971 मध्ये तो आला आणि पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत. त्यानंतरचा अल्बम त्यानं दोन रात्रींत, जवळजवळ नुसत्या गिटारवर संपवला. 1974 मध्ये तो गेला, 26 वर्षांचा होता. आज त्या दुसऱ्या अल्बमवर जीव टाकणारी असंख्य माणसं आहेत. त्यांच्यातली बरीचशी तेव्हा जन्मलेलीही नव्हती. याबद्दल मला फार लिहिता येत नाही. उशिरा आलेली दाद ही दादच असते की नाही, हे ज्याला विचारायचं तो नाही.

आणि अमेरिकन गायिका लॉरिन हिल. 1998 मधल्या तिच्या पहिल्या एकल अल्बमनं इतकं काही मिळवलं की पुढचं प्रत्येक पाऊल लोक श्वास रोखून बघत होते. पुढचा अल्बम आला 2002 मध्ये: ती, एक गिटार, समोर थोडे लोक, बहुतेक नवी गाणी, बसलेला घसा. गाण्यांच्या मधेमधे ती लांबलचक बोलते. बऱ्याच समीक्षकांना तो असह्य झाला. तेव्हा मलाही झाला होता. अल्बम असा कसा, पूर्ण का केला नाही, असं वाटलं होतं. पण दोनच वर्षांनी रॅपर कान्ये वेस्टनं आपल्या पहिल्याच अल्बमातल्या एका गाण्याचं ध्रुवपद त्यातल्या एका ओळीवर उभं केलं. ज्या खरखरीत आवाजापुढे आम्ही कान बंद केले, तिथे कुणीतरी बसून शेवटपर्यंत ऐकत होतं.

मी परत माझ्या मैत्रिणीकडे येते, कारण इथे एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. तिचा दुसरा अल्बम चौदा महिन्यांत झाला आणि त्यातलं एकही गाणं तिनं मला आधी ऐकवलं नव्हतं. पहिल्या वेळी मी आत होते. कुठलं कडवं गळलं, कुठली ओळ कुणावरून आली, सगळं मला माहीत होतं. या वेळी बाकीच्या जगाबरोबर त्याच पहाटे मीही रांगेत. "पहिल्यासारखं नाही" या वाक्यात ते दुखणंही होतं. ते गाण्यांबद्दल नव्हतंच. पहिल्यासारखी मी आत नव्हते.

आठ महिन्यांनी तिचा एक छोटा कार्यक्रम होता. सत्तर-ऐंशी माणसं असतील. तिनं नवी-जुनी गाणी मिसळून गायली. पहिल्या अल्बममधलं गाणं सुरू झालं की लोक सुरावटीवरच ओळखायचे, हसायचे, गुणगुणायला लागायचे. नव्या गाण्यांना सभ्य शांतता. मग तिनं विचारलं, कुणाला काही ऐकायचंय का. तिसऱ्या रांगेतून साठीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी दुसऱ्या अल्बमातल्या सहाव्या गाण्याचं नाव घेतलं.

ती जरा चपापली. "म्हणजे दुसऱ्यातलं?"

ते म्हणाले, "आणखी एक आहे का तुमचा?"

लोक हसले, तेही ओशाळून हसले. ती हसली नाही. तिनं गिटारची सहावी तार उतरवायला घेतली. जाड तार सैल होताना मधला प्रत्येक सूर ऐकू येतो, घसरत खाली जाणारा. दोन सूर खाली गेल्यावर ती थांबली, अंगठ्यानं एकदा वाजवून बघितली, पुन्हा केसभर खाली घेतली. ते गाणं तिच्या वडिलांवर आहे. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात गेला आणि ते डाव्या हातानं सही करायला शिकत होते, एवढाच विषय. घरी ऐकताना या गाण्यात मला एक गोष्ट खटकली होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं. संकलनात तुकडा कापला गेला असेल असं मी धरून चालले होते.

समोर बसून बघितलं तेव्हा दिसलं. तिचा उजवा पाय जमिनीवर चार-चारचा ठेका देत होता. पहिली ओळ, चार. दुसरी ओळ, चार. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तीनच, आणि पाय वरच राहिला. पुढची ओळ एक मात्रा आधीच सुरू झाली. प्रत्येक कडव्यात तिथेच. सही करताना हात जिथे अडतो, तिथेच गाणं अडत होतं, आणि अडल्यावर घाईनं पुढची रेघ ओढत होतं. मी हे चूक म्हणून ऐकलं होतं.

ते गृहस्थ गाणं चालू असताना जमिनीकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर ते तिच्यापाशी आले. मी शेजारीच होते. गाणं आवडलं, आवाज छान आहे, असलं काही ते बोलले नाहीत. ते म्हणाले, "सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठवतात, ते तुम्ही कडव्यात घेतलंय. ते कुणाला सांगून कळत नाही." मग त्यांनी डावा हात पुढे केला. तिनंही डावाच केला.

त्या रात्री मी तिला विचारलं, ते गाणं शिकवशील का. शिकवायला तिला वेळ नव्हता. दोन दिवसांनी तिनं तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शब्द, वर कॉर्डची नावं, कोपऱ्यात तार उतरवायची खूण. ध्रुवपदाच्या जागी आधी एक वेगळी ओळ लिहिलेली होती. तिच्या पहिल्या अल्बमातल्या सगळ्यात लाडक्या गाण्यासारखीच, तसंच यमक, शेवटी तसाच हळवा हेलकावा. त्या ओळीवर दोन आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'फार गोड'.

ती खोडलेली ओळ मी चार-पाच वेळा वाचली. पहिल्या दिवशी सबंध अल्बमभर मी जिला शोधत होते ती हीच होती. ती लिहून झाली होती, आणि तिनं काढून टाकली होती.

आता रोज रात्री अर्धा तास मी गिटार घेऊन बसते. सहावी तार उतरवून ठेवलेलीच असते. कॉर्ड सोपे आहेत, बोटं हळूहळू बसताहेत. तिसऱ्या ओळीला मात्र माझा पाय अजून एक ठोका जास्त देतो.